आयता दोर

सामान इथंच ठेवून जाऊ, असं मीच म्हणालो होतो. पुढं बोलाचाली झाली तेव्हा बाकीचे तिघं म्हणाले, सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं. तो त्यांचा मोठेपणा. पण 26 जानेवारी 2009 च्या दुपारी, जीवधनच्या पलीकडच्या एका घळीत, घामानं चिंब झालेली सॅक पायानं बाजूला ढकलत ते वाक्य पहिल्यांदा तोंडातून काढणारा मीच होतो.

तीन दिवसांची सुट्टी जोडून आली होती. शनिवार, रविवार आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन. मी चाकूर तालुक्यातला, तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीला, वय चोवीस. कातळावर चढायचं वेड लागून दोन वर्षं झालेली. शिवाजीनगरहून जुन्नर, जुन्नरहून घाटघरची मुक्कामी एसटी. त्या बाजूला जाणारे बहुतेक जण नाणेघाट बघतात, जीवधन चढतात आणि किल्ल्याला खेटून एकट्या उभ्या असलेल्या वानरलिंगीचे फोटो काढून परततात. खडा पारशी म्हणतात तोच सुळका. आम्ही मात्र त्याच्या आडबाजूला असलेल्या, दीड-पावणेदोनशे फुटांच्या एका बुटक्या सुळक्यासाठी आलो होतो. त्याचं नाव इथं देत नाही. एक तर गावातले लोक त्याला काय म्हणतात हे आम्ही तेव्हा विचारलंच नव्हतं. दुसरं कारण पुढं येईल.

आमचा अंदाज पार चुकला. खालचा कातळ भुसभुशीत निघाला, हात घालावा तिथं दगड सुटून यायचा. बोल्ट आम्ही हातानंच ठोकायचो, हातोडा आणि ड्रिल घेऊन, एकेका बोल्टला पाऊण पाऊण तास. सोमवारी दुपारी तीनला माथा अजून चाळीसेक फूट वर होता आणि मंगळवारी सकाळी सातला मला पहिली शिफ्ट होती. पंधरा दिवसांनी परत यायचंच आहे, हे ओझं पुण्याला नेऊन परत कशाला आणायचं? वरच्या बोल्टला चाळीस मीटरचा स्टॅटिक रोप बांधून खाली सोडला, म्हणजे पुढच्या वेळी थेट जुमारनं, दोरावर चढायच्या पकडीनं, वर. बाकीचं सगळं एका सॅकमध्ये भरलं: साठ मीटरचा दुसरा रोप, अकरा कॅरॅबिनर, दोन हातोडे, उरलेले बोल्ट, रॉकेलचा स्टोव्ह, मॅगीची पाकिटं, अर्धी गुळाची ढेप. सॅक कपारीत सारली, तोंडाशी दगड रचले, वर कारवीच्या फांद्या टाकल्या. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. आपल्या हुशारीवर आम्ही खूश होतो.

पंधरा दिवसांचे दहा महिने झाले. एकाचं लग्न ठरलं, एकाची बदली झाली, मग उन्हाळा, मग पाऊस. मधे एकदा विषय निघाला तेव्हा कुणी तरी म्हणालं, तिथं कोण जातंय मरायला, सामान सुरक्षित आहे.

*

नोव्हेंबरच्या शेवटी गेलो तेव्हा कपारीचं तोंड उघडं होतं. गूळ आणि मॅगी वानरांनी खाल्ली असावी. चांदीच्या रंगाचे कागद घळभर पसरलेले, काही पार खाली ओढ्यापर्यंत. सॅकचा पट्टा उंदरांनी कुरतडलेला. स्टोव्ह होता. हातोडे आणि बोल्ट होते. साठ मीटरचा रोप आणि कॅरॅबिनर नव्हते.

"चोरलं," आमच्यातला एक म्हणाला. मग गावकऱ्यांवर बरंच बोलून झालं. मीही त्यात होतो, खोटं कशाला सांगू.

सुळक्याच्या तळाशी गेलो आणि बोलणं बंद झालं. वरून सोडलेला आमचा रोप जागेवर होता, पण त्याच्या खालच्या टोकाला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. आमच्या नव्हत्या. गिर्यारोहणात शिकवतात त्यातली एकही नव्हती. गवताचा भारा किंवा बैलगाडीवरचा कडबा आवळताना मारतात तसल्या गाठी. पंचवीसेक फुटांवर एका धारदार कंगोऱ्याजवळ रोपाचं आवरण फाटून खाली घसरलं होतं आणि आतला पांढरा गाभा उघडा पडला होता. साप कात टाकताना दिसतो तसं.

हे कसं होतं ते मला आज नीट सांगता येतं, कारण आता मी चाकूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. चढाईच्या रोपाचे दोन भाग असतात. आत नायलॉनच्या पिळलेल्या धाग्यांचा गाभा, बाहेर विणलेलं आवरण. ताकदीचा बहुतेक भार गाभा घेतो, आवरण त्याला घासण्यापासून आणि उन्हापासून जपतं. असा रोप कातळावर लोंबकळत ठेवला तर वारा त्याला दिवसरात्र हलवत राहतो. सह्याद्रीतल्या पावसाळ्यातला वारा म्हणजे चार महिने बिनपगारी काम करणारा करवतवालाच. कंगोऱ्यावर रोज बोटभर घासणं. वर उन्हातले अतिनील किरण नायलॉनला आतून ठिसूळ करतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही. रंग थोडा उडतो एवढंच. चांगल्या कंपन्या तर सांगतात की अजिबात न वापरता कपाटात ठेवलेला रोपसुद्धा दहा वर्षांनी बाद करा. आमचा दहा महिने उघड्यावर होता आणि खालून बघणाऱ्याला छान, जाड, नारंगी, नवाकोरा दिसत होता.

गावात विचारत गेलो तेव्हा पहिल्याच घरी उत्तर मिळालं. तिशीतला एक माणूस ओट्यावर बसला होता, उजवा पाय पाटावर, घोट्याला फडकं गुंडाळलेलं. त्यानंच विचारलं, "दोर तुमचा व्हता का?"

दसऱ्याच्या पुढंमागं त्या सुळक्याच्या अंगाला आग्या मोहोळ लागलं होतं. मध काढायला ही माणसं एरवी वरून, झाडाला आपला दोर बांधून उतरतात. दोर आपला, बांधणारा आपल्या घरचा. यंदा खालून आयता दोर दिसला. त्यानं ओढून बघितला, लोंबकळून बघितला, पक्का वाटला. गाठी मारत, पायानं रेटत वर चढला. कंगोऱ्यापाशी आवरण फाटलं आणि मुठीत धरलेल्या आवरणासकट तो खाली आला. मधल्या कारवीच्या टप्प्यावर पडला म्हणून वाचला. दोन्ही तळहात सोलून निघाले, घोट्याचं हाड मोडलं. जुन्नरपर्यंत जीपनं नेलं. हिरड्याचा हंगाम त्याच्या बायकोला एकटीला करावा लागेल की काय, ही त्याला काळजी. पावसाच्या पाण्यावरचा एक भात आणि हिरडा यांवर त्या घरांचं वर्ष चालतं.

आमच्यावर तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पुण्याच्या लोकांनी बांधलाय म्हणल्यावर मजबूतच आसंल."

साठ मीटरचा रोप शेजारच्या गोठ्यावर होता. त्याचे तीन तुकडे करून एकानं म्हैस बांधली होती, एकानं पेंढ्याची गंजी आवळली होती. कॅरॅबिनर एका पिशवीत नीट ठेवलेले होते, अकराच्या अकरा. "तुमी याल म्हणून ठिवलं" असं त्याच्या आईनं सांगितलं. रोप मात्र का कापला, असं आमच्यातल्या एकानं विचारलंच. म्हातारी हसली. "रानात टाकलेलं कोणाचं आसतं बाबा? पावसात कुजत व्हतं."

आम्ही 'ठेवलेलं' म्हणत होतो, ती 'टाकलेलं' म्हणत होती. त्या दोन शब्दांमध्ये दहा महिने होते.

*

पुण्याला परत येताना गाडीत तिघांचा वाद चालू होता आणि मी आमच्या शेतातल्या लिंबाखाली जाऊन बसलो होतो, मनानं.

चाकूरपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं शिवार. लहानपणी वखर, तिफण, जू सगळं त्या लिंबाखाली उघड्यावर पडलेलं असायचं. पेरणी झाली की आबा तिफण झाडाला टेकवून घरी यायचे. कुणी हात लावत नव्हतं. गरजवंत नेई, पण सांगून नेई, आणि परत आणताना फाळाला लागलेली माती झाडून आणी. आता तसं नाही. मोटारीचं स्टार्टर आणि केबल रात्री घरी आणावी लागते, तांब्यापायी माणसं काय काय करतात. पण तेव्हाही ते सामान सुरक्षित होतं ते जागा निर्जन होती म्हणून नव्हे. तिथं सगळ्यांचा वावर होता आणि कुठलं औत कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून. आम्ही जीवधनला नेमकं उलटं गृहीत धरलं. कुणी येत नाही, म्हणून सुरक्षित. घाटघरच्या माणसाला ती घळ निर्जन कुठं होती? त्याची गुरं तिथं, मोहोळ तिथं, हिरडा तिथं. डोंगराला 'जंगली' म्हणणारे आम्ही, आणि मी तर गायरानावर शेरडं राखलेला.

आमची विहीर पंचावन्न फूट. वर काळी माती, मग मुरूम, मग लाल गेरूचा एक पट्टा, मग काळा पाषाण. सह्याद्रीचा कडा ज्या लाव्ह्यानं झाला त्याच लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मी पहिल्यांदा कातळावर हात ठेवला तेव्हा तो दगड ओळखीचा वाटला होता, विहिरीच्या भिंतीसारखा. त्या विहिरीत एक दोर कायम सोडलेला असायचा. मोट बंद होऊन जमाना झाला होता, नाडा-सोंदूर माळवदावर धूळ खात होते. हा दोर पोहायला येणाऱ्या पोरांसाठी. कुणी दमलं, घाबरलं तर धरायला. गावात केकताडाचे दोर वळणारे एक आजोबा होते. पोळ्याला ते बैलांसाठी नवे कासरे, दावी आणत, त्याबरोबर विहिरीचा दोरही नवा येई. जुना आबा स्वतः काढत आणि चुलीत घालत. एका वर्षी पोळ्याला पैसे कमी होते, आई म्हणाली औंदा राहू द्या, दिसतो तर चांगला. आबांनी बैलाचं एक दावं कमी घेतलं आणि विहिरीचा दोर बदलला. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. बैल आमचा, पोरं गावाची.

दिवाळीला गावी गेलो नव्हतो, म्हणून डिसेंबरात गेलो तेव्हा आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत तंबाखू मळत होते. एवढंच विचारलं, "मग वरचा दोर काढलाव का न्हाई?"

*

काढला नव्हता. म्हणजे सगळा नव्हता.

त्या माणसाला आम्ही तीन हजार रुपये देऊ केले. आधी नाही म्हणाला, मग त्याच्या बायकोनं घेतले. निघताना तो म्हणाला, "तेवढा वरचा दोर काढून न्या. पोरं बघत्यात." त्याची दोन पोरं तिथंच ओट्यावर खेळत होती. आम्ही त्याच दुपारी परत वर गेलो, फाटलेल्या रोपाच्या बाजूनं, बरोबर आणलेल्या दुसऱ्या रोपावर चढून कंगोऱ्यापर्यंत पोचलो, तिथून खालचा तुकडा कापून घेतला. वरचा भाग ओढला तर एका भेगेत असा अडकला की हलेना. अंधार पडत आला होता. तो तुकडा कंगोऱ्याच्या वर गुंडाळून ठेवला, जमिनीवरून कुणाचा हात पोचणार नाही असा, आणि उतरलो. पुढच्या महिन्यात येऊन काढू, म्हणालो. पुन्हा तेच वाक्य.

माझी नोकरी गेली, मी बी.एड. करायला लातूरला आलो, मग चाकूर. आमचा गट पांगला.

चढाईतून मन मात्र सुटलं नाही. वाचत राहिलो, आणि जे वाचलं त्यात कुठं ना कुठं मागं ठेवलेलं सामान भेटत गेलं. पातागोनियातल्या सेर्रो तोर्रे या शिखरावर 1970 साली चेझारे माएस्त्री या इटालियन गिर्यारोहकानं पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर चढवला, त्याच्या जोरावर चारशेच्या आसपास बोल्ट ठोकले, आणि तो कॉम्प्रेसर माथ्याच्या जवळ तसाच लटकवून खाली आला. बेचाळीस वर्षांनी, 2012 मध्ये, दोन तरुणांनी उतरताना त्यातले शंभर-सव्वाशे बोल्ट उपटून काढले. पायथ्याच्या गावात लोक त्यांच्यावर इतके भडकले की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. इतकी वर्षं जिथं आहे ते आता आमचंच, असं काहीसं लोकांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि ही माझी नेहमीची अडचण आहे. अमेरिकेतला इव्हॉन शूइनार्ड मात्र मला सरळ आवडतो. त्याचा धंदाच खडकात ठोकायच्या खिळ्यांचा, आणि त्याच खिळ्यांनी योसेमिटीच्या भेगा विद्रूप होताहेत हे बघून 1972 च्या आपल्याच कॅटलॉगात त्यानं लोकांना सांगितलं की हे वापरू नका, हातानं बसवून हातानं काढता येतील असे चोकनट वापरा. स्वतःच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला हा माल घेऊ नका म्हणणारा वाणी आमच्या बाजारात मी तरी पाहिलेला नाही.

वर्गात मी मुलांना सांगतो ती गोष्ट मात्र नंदादेवीची. किरणोत्सार शिकवताना हमखास. 1965 च्या ऑक्टोबरात कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी नंदादेवीवर चढत होती. त्याच वर्षी मे महिन्यात याच कोहलींच्या मोहिमेतले नऊ जण एव्हरेस्टवर पोचले होते, देशभर सत्कार चालू होते. ही दुसरी मोहीम मात्र गुप्त होती. अमेरिकेची सीआयए आणि आपला गुप्तचर विभाग यांना चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायची होती. शिखरावर एक यंत्र बसवायचं आणि त्याला वीज पुरवायला प्लुटोनियमचं जनित्र. चौथ्या तळाशी, चोवीस हजार फुटांच्या आसपास, हिमवादळानं गाठलं. माणसं वाचवायची तर ओझं सोडायला हवं. कोहलींनी सामान कपारीत बांधून ठेवायला लावलं आणि सगळ्यांना खाली आणलं. पुढच्या उन्हाळ्यात नेऊ. 1966 च्या मे महिन्यात परत गेले तर कपार होती, जनित्र नव्हतं. हिमकड्यासकट खाली गेलं असावं. पुढच्या शोधमोहिमांनाही ते मिळालं नाही. 1978 मध्ये एका अमेरिकी मासिकानं ही बातमी फोडली आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं.

मुलं विचारतात, कोहलींचं चुकलं का? मी म्हणतो, त्या रात्री नाही. वादळात ओझं टाकून माणसं खाली आणणाऱ्याला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. आम्ही मात्र वादळातून पळालो नव्हतो, सातच्या शिफ्टला पळालो होतो. पण त्या गोष्टीचं शेपूट मला जास्त छळतं. 2021 च्या फेब्रुवारीत ऋषिगंगेला पूर आला, चमोली जिल्ह्यात दोनशेच्या आसपास माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. शास्त्रज्ञांनी सांगितलं, डोंगराचा कडा आणि हिमनदीचा भाग तुटून पडला. पण खालच्या रैणी गावातल्या लोकांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तेच तर फुटलं नसेल? वर सामान ठेवून गेलेल्यांतले बरेचसे हयातही नव्हते. छप्पन्न वर्षांनी खालच्या गावाला मात्र झोप नव्हती.

*

हे सगळं वाचून, दुसऱ्यांना शिकवून, माझा तुकडा भेगेत होताच.

कातळावर काहीही ठेवू नये, अशा मताचा मी कधीच नव्हतो. ढाकच्या बहिरीला गेलेल्या कुणालाही विचारा. कर्जत आणि जांभिवलीच्या मधल्या त्या कड्यात, कळकराय सुळक्याशेजारी, बहिरीची गुहा आहे. शेवटच्या टप्प्यावर दोर, तारा, लाकडाचा वासा लावलेला असतो. त्याशिवाय भाविकांना वर जाता येणार नाही. गुहेतल्या पाण्याच्या टाक्यात स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. कुणीही काढावीत, रांधून खावं, घासून पुन्हा टाक्यात ठेवावीत. घरी नेली तर बहिरी बघून घेतो. देवाचा धाक बाजूला ठेवला तरी उरतं ते असं, की त्या भांड्यांना वरचेवर येणारी माणसं आहेत, आणि एखादं फुटलं तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं. आपल्याकडच्या सुळक्यांवरचे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे बोल्ट गंजून गेलेत. ते काढून नवे, न गंजणारे ठोकायचं काम सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्ह या नावानं काही जाणती मंडळी पदरमोड करून करतात. त्यांच्या बोल्टवर मी डोळे मिटून वजन टाकीन. कचरा, सौंदर्य, निसर्ग यांवर बोलणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मॅगीचे कागद मीही लाजत लाजत वेचलेत. पण लोंबकळणारा दोर हा नुसता कचरा नसतो. त्याच्याकडं बघणाऱ्याला तो सांगत असतो, धर मला. प्लास्टिकची पिशवी असं काही सांगत नाही.

2022 च्या फेब्रुवारीत गेलो. वय सदतीस, पोट सुटलेलं. नाशिकची दोन तरुण पोरं बरोबर घेतली; आघाडीवर ती चढली, मी मागून दोरावर हाश्शहुश्श करत. भेगेपाशी पोचलो तेव्हा तुकडा होता तिथंच होता. नारंगी रंग जाऊन राखाडी झालेला, हाताला काथ्यासारखा खरखरीत. बारा वर्षांत भेगेच्या आत त्याच्यावर शेवाळ येऊन वाळलं होतं, पाकोळ्यांनी घरटं केल्याच्या खुणा होत्या. भेगेतला दगड सैल झाला होता, तुकडा दोन हिसड्यांत आला. वरचा बोल्ट मात्र निघाला नाही. डोकं गंजून उडालंय, दांडा कातळात आहे. बाकी तीन बोल्टही तिथंच. नाव देत नाही ते यासाठी. वाचून कुणी हौशी तिथं गेला आणि त्यानं त्यांच्यावर भरवसा ठेवला तर?

गावात गेलो. तो माणूस थोडा लंगडतो. त्याचा थोरला पोरगा आता नाणेघाटात येणाऱ्या पर्यटकांना वाट दाखवतो, शनिवार-रविवारी जेवण देतो. त्यानं आम्हाला ओळखलं नाही, बापानं ओळखलं. चहा झाला. दारात पाण्याच्या बादलीच्या कडीला एक कॅरॅबिनर होता, घासून घासून चांदीसारखा झालेला. म्हणजे अकरा परत दिले त्याच्याआधी एक बाजूला काढला होता, किंवा आम्हीच मोजायला चुकलो होतो. मी काही बोललो नाही. तोही बघत होता की मी बघतोय. "न्यायचाय का?" म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

राखाडी तुकडा चाकूरला आणला आणि पडवीत टाकला. आमच्याकडं सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळं भरतीचं वेड पोरांना जरा जास्तच. पहाटे नांदेड रस्त्यावर धावणाऱ्यांची रांग असते. माझ्या वर्गातल्या चौघांनी ओढ्याकाठच्या चिंचेला दोरावर चढायचा सराव चालवला होता. रविवारी दोर बांधायचा, पुढच्या रविवारपर्यंत तसाच. मी दोनदा जाऊन काढून आणला. त्यांना वाटलं सरांचं डोकं फिरलंय. तिसऱ्यांदा चौघं घरी आले. एकाची नजर पडवीतल्या गुंडाळीवर गेली.

"सर, ह्यो द्या की. लई मजबूत दिसलालाय."

विळी घेऊन तिथंच बसलो. नायलॉन जुना झाला तरी विळीला सहज दाद देत नाही. एकेका कापाला चांगला जोर लागत होता. पोरं आधी हसत होती, मग गप्प झाली, मग त्यातल्या एकानं दुसरं टोक ताणून धरलं. वीतवीतभर तुकडे केले. माय आतून आली, ढीग बघितला, "येवढं चांगलं चऱ्हाट" असं पुटपुटली आणि दोन तुकडे उचलून आत गेली. एकानं तिनं सरपणाच्या खोलीच्या दाराची कडी बांधली आहे. दुसरा कुठं आहे ते मी मधूनमधून शोधत असतो.